सोपान आबांनी नदी घासली

पाहुणे येणार म्हटलं की सोपान आबांच्या अंगात यायचं. आधी अंगण, मग ओटा, मग गोठ्यातली म्हैस. जावई पहिल्यांदा आला तेव्हा त्याची मोटारसायकलही त्यांनी अशी धुतली, की ती चालूच होईना. बिचारा कामशेतपर्यंत ढकलत गेला. सरुबाई नवऱ्याबद्दल म्हणायच्या, "यम न्यायला आला, तरी आदी त्याचा रेडा धुतील."

अशा माणसाच्या गावात पवना नदी तपासायला मंडळी येणार होती. चक्रीवादळात काठची झाडं डोहात आडवी झालेली, गाळ बसलेला. नदी मेली असेल तर डोह मशीन लावून उपसायचा, जिती असेल तर बोट लावायचं न्हाई, असं ग्रामसभेत ठरलं. त्याच डोहात वडिलांनी कमरेला भोपळा बांधून आबांना पोहायला शिकवलेलं. मशीनचं नाव काढलं की त्यांना घास गिळवेना.

तपासणीच्या दिवशी आबा नारळाची शेंडी घेऊन पाण्यात उतरले आणि धोंडा न् धोंडा घासून काढला. डोह कसा लख्ख झाला!

नदी तपासणाऱ्या तेजलताई आल्या. त्यांनी पाण्यातला एक धोंडा उलटा करून भिंगातून पाहिला. मग दुसरा, मग तिसरा. त्यांचं तोंड उतरलं.

"आबा, धोंड्याखाली किडे असले तर नदी जिवंत. इथं एकही नाही."

आबांनी हातातली शेंडी पुढं केली. "व्हतं, ताई! लय किडं व्हतं. म्याच घासून काढलं. तुमी येनार म्हून!"

ताई हसून हसून बेजार. म्हणाल्या, "महिन्याभरानं परत येते. तोवर हात लावायचा नाही."

अरे देवा! तो महिना आबांनी कसा काढला, त्यांनाच ठाऊक. हात शिवशिवले की स्वतःच्याच टाचा घासत बसायचे. काठावर कुणी पान उचललं तरी खेकसायचे, "ऱ्हाऊ दे तितंच!"

ताई पुन्हा आल्या, धोंडा उलटला, आणि खाली किड्यांची ही पळापळ! आबांनी त्या किड्यांनाच हात जोडले. "जिती हाय माजी बाय!" मशीन आलं नाही.

घरी आले तर सरुबाई झाडू घेऊन कोळ्याच्या जाळ्यामागं लागलेल्या. "लेक-जावई येत्यात सांच्याला."

आबांनी झाडू काढून घेतला.

"असू दे गं. घर जितं हाय आपलं."