लेस्टरला लागणारी भाषा

निघायच्या दिवशी सकाळी आईनं माझ्या बॅगेत भाजणीची पिशवी कोंबली, वर मेतकुटाचा डबा ठेवला आणि म्हणाली, "कुसुमला सांग, आता पुरे झालं तिकडचं. येताना घेऊनच ये तिला." आई ऐंशीच्या पुढची. कानांनी ऐकू येत नाही म्हटलं तरी चालेल, त्यामुळे फोनचा काही उपयोग नाही. पत्रं मात्र चष्मा लावून तीनतीनदा वाचते. माझी थोरली बहीण कुसुमताई इंग्लंडात, तिच्या शेवटच्या पत्रात पोटातल्या गाठीचं एकच वाक्य होतं. आईनं ते वाचलं होतं हे आम्हाला माहीत होतं, पण घरात त्यावर कुणी एक अक्षर बोललं नाही. आमच्या घराची ही जुनी रीत.

ऐंशी साल उलटून सात-आठ वर्षं झाली होती. सांगलीच्या शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवून मी नुकतीच रिटायर झाले होते. इंग्लंडला जायचं म्हटल्यावर बाकीच्या बायकांना थंडीची भीती वाटते, मला कसलीच वाटली नाही. म्हटलं, भाषा येते ना, मग काय! इतकी वर्षं पोरांकडून घोटून घेतलेलं इंग्रजी आता प्रत्यक्ष त्यांच्या देशात वापरायला मिळणार, या विचारानं मी विमानात झोपलेसुद्धा नाही. ताईच्या गाठीची काळजी होती, नव्हती असं नाही. पण ती काळजी बॅगेच्या तळाशी होती आणि हौस वर.

लंडनहून लेस्टरला जाणारी गाडी दुपारची होती. ऑक्टोबरचा शेवट. खिडकीबाहेर ओली हिरवी कुरणं, झुडपांची कुंपणं आणि मान खाली घालून चरणाऱ्या मेंढ्या. झाडं सगळी तांबडी-पिवळी झालेली. डब्यात वीसेक माणसं असतील, पण दोन तासांत कुणी कुणाशी बोललं नाही. मी शेजारच्या बाईंना अगदी शुद्ध इंग्रजीत हवेबद्दल विचारलं, त्यांनी हसून "येस" म्हटलं आणि पुन्हा पुस्तकात डोकं घातलं.

ताई स्टेशनवर आली होती. सहावारी साडी, वर भावोजींचा जुना कोट, पायांत जाडे बूट. भावोजींना जाऊन चार वर्षं झाली होती, कोट अजून वापरत होती. खूप वाळली होती. मला पोटाशी धरलं आणि म्हणाली, "आल्या का इंग्रजीच्या बाई!"

त्या बाईंची फजिती पाच मिनिटांतच झाली. बसमध्ये चढल्यावर मी पुढं झाले आणि ड्रायव्हरला पाठ्यपुस्तकातल्यासारखं लांबलचक नम्र वाक्य ऐकवलं. तो म्हणाला, "व्हॉट, मी डक?" (तिकडं कुणालाही लाडानं असंच म्हणतात, हे मला मागाहून कळलं.) मी वाक्य पुन्हा म्हटलं. तो आणखी काहीतरी बोलला, त्यातला एक शब्द कळला तर शपथ. मागं रांग खोळंबली. तेव्हा ताईनं आत बसलेल्या एका बाईला गुजरातीत हाक मारली, त्या बाईनं ड्रायव्हरला दोन शब्द सांगितले आणि दोन तिकिटं बाहेर आली. तीस वर्षांचं इंग्रजी बसच्या पायरीवरच आडवं झालं.

ताईचं घर टेरेसमधलं (म्हणजे एकाला एक चिकटलेल्या लाल विटांच्या घरांची रांग). तिथून बेलग्रेव्ह रोड पायी दहा मिनिटं. दुसऱ्या दिवशी ती मला तिकडं घेऊन गेली. साड्यांची दुकानं, सोनारांची दुकानं, फरसाण, जलेबी, मसाल्यांची पोती, आणि रस्त्यावर दिवाळीसाठी टांगलेल्या दिव्यांच्या माळा. ताई पुढं, मी मागं. "केम छो कुसुमबेन" दर दहा पावलांवर. भाजीवाल्याशी घासाघीस करून तिनं मेथीची जुडी जास्तीची उपटली, दुकानदाराच्या सुनेच्या बाळंतपणाची चौकशी केली, आणि हे सगळं गुजरातीत. शिवणाच्या कारखान्यात कपड्यांच्या कडा शिवणाऱ्या ओव्हरलॉक मशीनवर तिनं अठरा वर्षं काढली होती.

मला राहवलं नाही. "ताई, अगं अठरा वर्षं या देशात राहून तू इंग्रजी शिकली नाहीस? लाज नाही वाटत? लोक काय म्हणतील, धाकटी बहीण इंग्रजीची बाई आणि थोरली ठार अडाणी!"

"कुठले लोक?" ती म्हणाली. "मशीनवर सगळ्या गुजराती. दुकानदार गुजराती. बँकेच्या खिडकीत बसलेली पोरगीसुद्धा गुजराती. इंग्रजी बोलू कुणाशी, भिंतीशी? कागदपत्रं हे बघत होते. आता मेधा बघते."

"आणि मराठी माणसं?"

"आहेत की. डॉक्टरमंडळी. गणपतीला बोलावतात. त्यांच्या बायका माझ्याशी मराठीत बोलतात आणि आपसांत इंग्रजीत." एवढं बोलून तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मी तरीही सोडलं नाही. परक्या देशात त्या देशाची भाषा आलीच पाहिजे, नाहीतर माणूस पांगळा होतो, असं घरी पोचेपर्यंत ऐकवत राहिले. बाईपणा अंगात मुरला की रिटायर झाल्यावरही जात नाही.

संध्याकाळी आईच्या भाजणीची थालीपीठं लावताना ताईनं मुद्द्याला हात घातला. बुधवारी हॉस्पिटलमध्ये तपासणीचा निकाल सांगणार होते. "दर वेळी मेधा असते. या खेपेला तिला रजा नाही. तू चल. आणि सुधे, डॉक्टर सांगेल ते मला जसंच्या तसं सांग. मला एकच गोष्ट ठरवायची आहे, तुझ्याबरोबर आईकडं यायचं की इथंच राहायचं. दिवस किती आहेत ते कळल्याशिवाय कसं ठरवू?"

"सांगेन की," मी म्हटलं. "त्यात काय!"

"शपथ?"

"आईची शपथ."

मंगळवारी मेधाचा फोन आला. ताईची एकुलती एक मुलगी, तेवीस वर्षांची, तिकडंच वाढलेली, लंडनजवळ क्रॉयडनला ऑफिसात नोकरीला. ताई वर न्हाणीघरात होती. मेधा घाईघाईत म्हणाली, "मावशी, काही बॅड न्यूज असली तर आईला लगेच नको ना सांगू. प्लीज. मी सॅटर्डेला येते, मग आपण टुगेदर सांगू. माझी काम अशी आहे की मिडवीकला सुट्टी नाही मिळत. मी नसेन गं तेव्हा आईजवळ." एरवी मी तिचं मराठी दुरुस्त केलं असतं. तिचा आवाज ऐकून केलं नाही. "बरं," एवढंच म्हटलं. अशा रीतीनं मी एका आठवड्यात दोघींना दोन शब्द देऊन बसले.

बुधवारी पाऊस भुरभुरत होता. हॉस्पिटलमध्ये आम्हाला एका छोट्या खोलीत बसवलं. तिथं आधीच एक पन्नाशीची बाई उभी होती. साडीवर स्वेटर, छातीवर नावाची पट्टी. सविताबेन, हॉस्पिटलची दुभाषी. कार्डावर ताईनं गुजराती बोलते असं लिहवलं होतं म्हणून तिला बोलावलेलं. मला रागच आला. मी ताठ बसून कन्सल्टंटला (तिथं मोठ्या डॉक्टरला असं म्हणतात) सांगितलं, की आम्ही गुजराती नाही, मराठी आहोत, मी स्वतः इंग्रजीची शिक्षिका आहे आणि दुभाष्याची गरज नाही. डॉक्टर पांढऱ्या केसांचा, शांत माणूस होता. तो म्हणाला, हरकत नाही, पण या थांबू देत. सविताबेन कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली.

मग तो बोलू लागला. सावकाश, एकेक शब्द सुटा. माझ्यासारख्या बाईला अगदी स्वच्छ कळेल असं इंग्रजी. गाठ वाईट आहे. यकृतात पसरली आहे. ऑपरेशनचा उपयोग नाही. गोळ्यांनी दुखणं आटोक्यात ठेवता येईल. एखादं वर्ष, कदाचित त्याहून कमी. आणि शेवटी म्हणाला, यांना मायदेशी जायचं असेल तर येत्या दोन-तीन महिन्यांत जावं, पुढं प्रवास झेपणार नाही.

तो थांबला. ताई माझ्याकडं बघत होती.

प्रत्येक शब्दाला मराठी शब्द माझ्याकडं होता. शपथही होती. पण घशातून बाहेर आलं ते असं: "ताई, डॉक्टर म्हणतात, गोळ्यांनी बरं वाटेल. काळजीचं काही नाही."

हे मी मेधाला शब्द दिला म्हणून केलं, असं मी पुढं कितीतरी दिवस स्वतःला सांगत होते. खोटं आहे ते. माझी हिंमत झाली नाही. बाबांच्या वेळीही आम्ही सगळ्यांनी मिळून हेच केलं होतं. बाबा शेवटपर्यंत विचारत राहिले आणि आम्ही शेवटपर्यंत "उद्या बरं वाटेल" म्हणत राहिलो. यालाच माया म्हणतात असं मला वाटत होतं.

डॉक्टरनं मघाशी टेबलावरून कागदी रुमालांचा डबा ताईकडं सरकवला होता, त्याकडं तिनं पाहिलं. मग माझ्यावरची नजर काढून ती कोपऱ्याकडं वळली.

"बेन, तमे साचुं कहेजो." (तुम्ही खरं सांगा.)

सविताबेन उठली. आधी तिनं डॉक्टरला इंग्रजीत विचारलं, मी सांगू का? त्यानं मान हलवली. मग ती ताईला म्हणाली, "तमारी बहेने बधुं नथी कह्युं. हुं कहुं?" (तुमच्या बहिणीनं सगळं सांगितलं नाही, मी सांगू?)

"कहो."

तिनं खुर्ची ओढून ताईच्या समोर घेतली आणि सांगितलं. फेलाई गयुं छे. ऑपरेशन नहीं. एकाद वरस, ओछुं पण थाय. घरे जवुं होय तो हमणां. मला गुजराती येत नाही, तरी शब्दन् शब्द कळला. ताई मध्येमध्ये प्रश्न विचारत होती, दुखेल का, शेवटी घरी राहता येईल का, आणि सविताबेन ते डॉक्टरला विचारून उत्तर आणत होती. त्या दोघींमध्ये मी पर्स मांडीवर घेऊन बसले होते. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही.

घरी परतल्यावर ताई कोट खुंटीला लावता लावता म्हणाली, "डॉक्टर पाच मिनिटं बोलला आणि तू एका वाक्यात गुंडाळलंस. गोळ्या द्यायच्या असल्या तर रुमालाचा डबा कोण पुढं करतं गं?"

"ताई, माझ्या तोंडून निघेना. मेधा पण म्हणाली होती..."

"मेधा पोर आहे. तू माझी पाठची बहीण. दोन महिन्यांत जायचं तर जा, हे वाक्यसुद्धा तू गिळलंस. मी पुढच्या उन्हाळ्यात येईन म्हणत बसले असते, सुधे." मग ती रडली आणि मीही रडले. तिनं मला जवळ घेतलं नाही.

शनिवारी मेधा आली. तिला काही सांगायची वेळच आमच्यावर आली नाही. ताईनंच तिला समोर बसवून सगळं सांगितलं. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "मी येणार नाही तुझ्याबरोबर. आता येऊ शकते हे मला ठाऊक आहे, तरी नाही. तिथं आले की तुम्ही सगळे माझ्या उशाशी बसून गोड गोड बोलाल. मायेनंच बोलाल, पण मला कुणी काही सांगणार नाही. इथं मला विचारता येतं. आणि हे दिवस माझ्या पोरीचे आहेत."

"आणि आईला काय सांगू?"

"खरं सांग. पत्रात नको, तोंडानं सांग. माझ्यापाशी चुकलीस, तिच्यापाशी चुकू नकोस."

मी निघाले त्या संध्याकाळी बेलग्रेव्ह रोडवरच्या माळा लागल्या होत्या. स्टेशनवर मेधा आली, सविताबेनही आली. दर गुरुवारी ती ताईकडं यायचं ठरलं होतं. तिनं माझ्या हातात डब्यात घालून मेथीची मुठियां दिली. मी तिला इंग्रजीत थँक यू म्हटलं, मग मराठीत माफी मागितली. तिनं फक्त माझा हात दाबला.

सांगलीला माझा थोरला भाऊ, दादा, मला उतरून घ्यायला आला होता; सगळं त्याला फोनवर कळलं होतं. रिक्षात बसताच म्हणाला, "आईला काही बोलू नकोस हं. तिचं ब्लडप्रेशर माहीत आहे ना! म्हण, उन्हाळ्यात येणार आहे."

आई दारातच खुर्ची टाकून बसली होती. तिनं माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या मागं, रिक्षाकडं पाहिलं. रिक्षा वळून निघून गेली. "कुसुम?" ती म्हणाली. "काय म्हणाले डॉक्टर?"

आईला काही सांगायचं म्हणजे कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागतं. शेजारच्या घरातही ऐकू जातं. दादा तिच्या मागं उभा राहून मला हातानं नको नको करत होता. मी बॅग खाली ठेवली, तिच्याजवळ गुडघ्यांवर बसले आणि ओरडून सांगितलं. गाठ वाईट आहे. पसरली आहे. वर्षभर, कदाचित कमी. ताई येणार नाही.

आईनं पदर तोंडाशी धरला. दादा आत निघून गेला. मग तिनं डोळे पुसले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "परक्या मुलखात पोरीला निदान नीट सांगायला कुणीतरी होतं. बरं झालं बाई तू गेलीस. तुझं इंग्रजी कामाला आलं."

मी तिचा हात डोक्यावरून काढून दोन्ही हातांत धरला आणि पुन्हा तिच्या कानाशी गेले. "नाही गं आई. मी तिच्याशी खोटं बोलले," मी ओरडून म्हणाले. "तिला सांगितलं ते दुसरीनं."