पार्किंगमधलं ताट

मित्राच्या वास्तुशांतीला मी सकाळभर शिट्टी वाजवून गाड्या लावल्या, आणि मला वाटलं हा आपला मान आहे.

हसा. मीही हसतो. मग दात खातो.

नितीन आणि मी पिंपरीतल्या एकाच चाळीत वाढलो. दोघांचे बाप एकाच कारखान्यात. आता आम्ही दोघं चाकणच्या एकाच कंपनीत, एकाच शिफ्टला. माझ्या आईच्या हातचं सुकट त्याला इतकं आवडतं, की आई माझ्या डब्यात त्याच्या वाटणीच्या भाकरी घालते. त्यानं रावेतला फ्लॅट घेतला तेव्हा टेम्पोतलं सामान मी उतरवलं. पंगतीची स्टीलची ताटंसुद्धा भाड्यानं मीच आणून दिली.

पूजेला नवा शर्ट घालून गेलो. नितीन गेटवरच भेटला.

"भावा, पार्किंग तूच बघ. तुझ्याशिवाय कुणाला जमणार राव?"

मी फुगलो. स्कूटरच्या डिकीतून कंपनीचं चमकणारं जॅकेट काढलं आणि नव्या शर्टावर चढवलं. फायर ड्रिलची शिट्टी जॅकेटलाच अडकवलेली असते. पाहुणे किल्ल्या माझ्या हातात टाकून वर जात होते. एका साहेबांनी काच पुसून ठेवायला सांगितली. मला वाटलं, चेष्टा करतायत. पुसलीसुद्धा.

वर जेवणं सुरू झाली. थोड्या वेळानं नितीनची आई खाली आली. हातात थर्माकोलचं ताट, झाकलेलं.

"इथंच खाऊन घे रे बाळा. वर गावाकडची माणसं आहेत, जुन्या वळणाची. तुमचं त्यांना चालत नाही."

तुमचं.

"काकू, नितीनला माहितीय हे?"

"त्यानंच तर पाठवलंय."

चाळीत मी याच काकूंच्या ओट्यावर अभ्यास केला. ओट्यावर. आत कधीच नाही. काकू चहा बाहेर आणून द्यायच्या आणि मी म्हणायचो, किती माया! एवढा शिकलो, मशिनचा बारीक आवाज ऐकून बिघाड सांगतो, आणि हे मला इतकी वर्षं ऐकू आलं नाही.

ताट घेऊन वर गेलो. नितीन दारातच आडवा आला.

"आज नको ना राव. तू काय परका आहेस का? घरचाच आहेस."

"घरचा आहे तर घरात घे."

त्यानं मागं पाहिलं. मग हळूच दार ओढून घ्यायला लागला. मी दारात पाय घातला. सेफ्टी शूज नव्हते, लागलं. मग शिट्टी तोंडात धरली आणि जीव खाऊन वाजवली. सगळी पंगत थांबली.

"मी वॉचमन नाही. नितीनचा लहानपणापासूनचा मित्र आहे. आम्ही बौद्ध. म्हणून माझं ताट खाली पाठवलंय. हे परत घ्या."

भटजींनी मान खाली घातली. मी ताट आणि सगळ्या किल्ल्या नितीनच्या हातात दिल्या. "आता तुझ्या गाड्या तू काढ." एकामागं एक अशा गच्च लावल्या होत्या, की माझ्याशिवाय सुटणार नव्हत्या.

सोमवारी कँटीनमध्ये त्याचा हात सवयीनं माझ्या डब्याकडे आला. मी झाकण लावलं.

"एवढ्यावरून, राव?"

"एवढ्यावरूनच. ज्या घराचं दार मला बंद, त्या घराचा हात माझ्या डब्यात येणार नाही. मला आत पंगतीला बसवशील, तुझ्या माणसांच्या देखत, तेव्हा डबा उघडेन. तोवर आपण एका कंपनीतली दोन माणसं."

घरी येऊन आईला सांगितलं, उद्यापासून एकट्यापुरतंच घाल. तिनं कारण विचारलं. मी सगळं सांगितलं, शिट्टीपाशी तर छाती काढून. तिनं भाकरी थापत ऐकून घेतलं.

"बरं केलंस," ती म्हणाली. "वॉचमन त्यानं केला खरा. पण जाकीट तुझं तूच घातलंस ना, येड्या?"