नैवेद्याचे तूप

माझ्या हातून आयुष्यात पुष्कळ लिहिले गेले; परंतु धुळ्याला धाडलेल्या एका पोस्टकार्डाची आठवण झाली, की आजही अंगावर काटा येतो.

सत्तर सालानंतरची गोष्ट. मी जळगावच्या पाठशाळेत संस्कृत शिकवीत असे. थोरले बंधू धुळ्यास कचेरीत होते. आम्ही त्यांना नाना म्हणत असू. एकदा जिना चढताना त्यांच्या छातीत कळ आली. डॉक्टरांनी तूप आणि तंबाखू दोन्ही वर्ज्य केली. तंबाखू नानांनी त्याच दिवशी सोडली. तुपाविषयी मात्र मला लिहिले, "तुपावाचून अन्नशुद्धी कशी व्हायची? तू शास्त्र शिकलास, तूच सांग."

मी उलट टपाली उत्तर धाडले. घरच्या वापरातले तूप सोडावे; नैवेद्यावरचे तूप हा प्रसाद होय, त्याला पथ्य लागू नाही. लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे भाताच्या मुदीवरचा एक थेंब होता.

काही महिन्यांनी तार आली. एरंडोलमार्गे धुळ्यास पोहोचलो, तो नाना दवाखान्यात निपचित पडलेले. डॉक्टर वहिनींना विचारत होते, "घरात तूप बंद होतं ना?"

"थेंब नव्हता हो घरात," वहिनी म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "देवाचं मात्र चालू होतं, भाऊजी. तुमचं कार्ड आल्यापासून रोज नैवेद्य. वरण-बट्टीच्या दिवशी तर अख्खं ताट देवापुढं, वर वाटीभर तूप! मी अडवलं, तर कार्ड दाखवायचे."

डॉक्टरांनी काचेची एक नळी उजेडात धरली. तळाशी रक्त साकळले होते. वरचे पाणी निवळ असावयास हवे, ते दुधासारखे गढूळ होते. माझ्या भावाच्या अंगातले रक्त ते!

"एकट्या तुपाचा दोष नाही, शास्त्रीबुवा," डॉक्टर सौम्यपणे म्हणाले. "अलीकडच्या संशोधनात कोलेस्टेरॉल, रक्तदाब, तंबाखू, घराण्यातला विकार, सगळ्यांचाच हात दिसतो. तुमचे वडील कशाने गेले?"

वडील पन्नाशीच्या आत, पूजेच्या पाटावर बसल्या जागी गेले होते. पुण्यवंताचे मरण, असे आम्ही आजवर अभिमानाने सांगत आलो होतो. ते मी डॉक्टरांना सांगू लागलो आणि अर्ध्यावरच थांबलो.

तिसऱ्या दिवशी नाना बोलू लागले. मी त्यांचे पाय धरले.

"नाना, ते कार्ड फाडून टाका. मी चुकीचं सांगितलं."

"वा रे पंडिता! आता देवाला काय, कोरडं जेवायला घालू?"

"घाला. त्याचं पाप माझ्या माथी."

त्यांना घरी आणले त्या दिवशी देवघरात मीच गेलो. ते कार्ड देवाच्या पाटाखाली जपून ठेवलेले सापडले. कडांना तुपाचे डाग होते. ते खिशात घातले, भातावर नुसते तुळशीचे पान ठेवले आणि ताटाभोवती पाणी फिरवले. जन्मभराच्या सवयीचा हात, पण पाणी ताटात सांडले.

नाना त्या भाताकडे बराच वेळ पाहत राहिले. मग पहिला घास घेतला.

"घशाखाली उतरत नाही रे," म्हणाले, आणि पाण्याचा घोट घेऊन दुसरा घास कालवू लागले.