चर्चमधला धवला

गेल्या हिवाळ्यात आमच्या गावच्या चर्चमध्ये गाण्याचे कार्यक्रम झाले, तेव्हा अख्ख्या गावाने मला एकच प्रश्न विचारला, "त्या दिवशी लाईट जाणार नाही ना?" मी वीजबिलाच्या खिडकीत बसते. बिलाचे पैसे घ्यायचे आणि शिक्का मारायचा, एवढंच माझं काम. पण खिडकीबाहेरच्या माणसाला वाटतं, सगळ्या तारा हिच्याच पदराला बांधलेल्या आहेत. शेवटी मी चिडून म्हणायला लागले, "गेली तर मेणबत्त्या लावा, चर्चमध्ये त्यांना काय तोटा?"

आमचं गाव रेवदंड्याच्या खाडीपलीकडे. एका अंगाला कोळीवाडा, दुसऱ्या अंगाला ख्रिस्ती आळी आणि मध्ये हे जुनं चर्च. ख्रिस्ती आळी म्हणजे माझं सासर. मी मांडव्याकडच्या आगरी घरातली. आमची मिठागरं होती, आता तिथे भावाचे ट्रक उभे असतात.

कार्यक्रमांची कल्पना मुंबईहून येऊन इथे राहिलेल्या एका बंगलेवाल्या बाईंची. फादरांना गाण्याची हौस, त्यामुळे त्यांनी लगेच मान डोलावली. अट एकच घातली. दिवाळीनंतर सुरू करा आणि चाळीस दिवसांचे उपास लागायच्या आत संपवा. उपासात चर्चमध्ये लग्नं नाहीत आणि गाणीबजावणीही नाही.

पहिला कार्यक्रम शास्त्रीय गाण्याचा. गवई अगदी रंगात आले होते आणि आमच्या घंटेवाल्या म्हाताऱ्याने रोजच्याप्रमाणे प्रार्थनेची घंटा दिली. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. गवई थांबले, डोळे मिटून घंटा संपेपर्यंत बसले आणि मग पुढे गायले. गावाला ते गवई तिथेच आवडले. दुसरा जॅझचा. मुंबईहून आलेली मंडळी नुसते पायाचे अंगठे हलवत होती. माझ्या दोन चुलतसासवांना ते बघवेना. त्या उठल्या आणि बाकांच्या मधल्या वाटेत नाचायला लागल्या. सॅक्सोफोनवाला वाजवत वाजवत त्यांच्याजवळ आला, तेव्हा एकीने त्याला मान हलवून शाबासकी दिली. इतकी मजा मी त्या चर्चमध्ये कधी पाहिली नव्हती.

तिसरा आणि शेवटचा लोकगीतांचा. त्यासाठी बंगलेवाल्या बाई बिल भरायला म्हणून आल्या आणि खिडकीतून म्हणाल्या, "तुमच्या आई धवलारीण आहेत ना? गातील का आमच्याकडे?"

आमच्या आगरी लग्नात धवलारीण नसेल तर लग्न लागलं असं जुनी माणसं मानत नाहीत. हळद लावताना, नवरा-नवरीला पाटावर बसवताना, मुंडावळ्या बांधताना ती धवला गाते. कुणी पाठीशी नाही, वाद्य नाही, नुसता आवाज. धवल्यात ती नवरीचं नाव घेते, नवऱ्याचं घेते, दोघांच्या आईबापांची घेते, मग देवांना मांडवात बोलावते. माझ्या आयने अशी किती लग्नं लावली असतील, त्याला हिशेब नाही. आता भटजी आणि डीजे यांच्यामध्ये तिला जागा उरली नाही. वर्षात एखादं बोलावणं आलं तर आलं.

माझी आई मोठी कलावंत, हे कुणी परक्याने बोलून दाखवलं म्हणून मी फुलून गेले. म्हटलं, "गाईल की! का नाही गाणार?"

आयला विचारलंच नव्हतं. थंडीत ती महिनाभर आमच्याकडे राहते. ती आली तोवर कार्यक्रमाचा कागद रेशन दुकानाच्या दारावर चिकटलेला होता आणि एका कोळणीने तो तिला वाचूनही दाखवला होता. घरात पाऊल टाकल्या टाकल्या तिने विचारलं, "लगीन कोनाचा हाय?"

"लग्न नाही गं. कार्यक्रम आहे."

"लगीन नाय, मंग धवला कनाला?"

मी खूप समजावलं. लोक ऐकतील, तुझं नाव होईल, मोबाइलवर रेकॉर्ड होऊन राहील. ती वालाच्या शेंगा सोलत राहिली. शेवटी म्हणाली, "पाटावर नवरा-नवरी नाय, आनि मी नावा कोनाची घेव? खुर्च्यांची?" तिचा नेमच होता तो. घरात काम करताना ती नुसती चाल गुणगुणायची, शब्द कधी घेतले नाहीत. धवल्याने लग्न लागतं. तो रिकाम्या पाटापुढे म्हणायचा नाही, आणि सुरू केला की अर्धा सोडायचा नाही.

हा नेम माझ्याइतका कुणाला माहीत असणार?

माझं लग्न अलिबागला रजिस्टर कचेरीत झालं. दोन साक्षीदार, दोन हार आणि नंतर एका हॉटेलात मिसळपाव. माझा बाप रुसला होता. नवऱ्याची आई त्याहून रुसली होती. मुलगी झाल्यावर सगळं निवळलं. बाप नातीला खांद्यावर घेऊन समुद्रावर जायचा, सासू तिच्यासाठी नाताळात करंज्या वेगळ्या काढून ठेवायची. आज दोघंही नाहीत. आयची आणि माझ्या नवऱ्याची तर इतकी गट्टी, की मी बाजारातून बोंबील आणले की दोघं मिळून मलाच नावं ठेवतात, कोळणीने फसवलं म्हणून. कुठे काही तुटलेलं नाही. फक्त माझा धवला राहिला. साऱ्या पंचक्रोशीतल्या पोरींची नावं माझ्या आयने धवल्यात घेतली, माझं घेतलं नाही. चुलत बहिणींच्या, मामेबहिणींच्या लग्नात धवला सुरू झाला की मी उठायची आणि मागच्या अंगणात भांडी घासायला जायची. मला हेवा वाटायचा. सरळ सांगायचं तर रडू यायचं, आणि भांड्यांच्या आवाजात ते खपून जायचं. हे मी कुणाला सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही.

तर आय गाणार नाही, हे मी मनाशी धरलं. उलट थोडं बरंही वाटलं. आता बाईंना काय तोंड दाखवायचं, एवढीच चिंता उरली.

आणि एका सकाळी मी कामावर गेलेली असताना बाई स्वतः घरी येऊन गेल्या. संध्याकाळी नवरा म्हणाला, "आय तयार झाली. दोन पाट, तांदूळ, सुपाऱ्या आणि नारळ मागितलाय. मध्येच कुणी टाळ्या वाजवायच्या नाहीत, हेही सांगितलंय."

मला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. पोटच्या पोरीसाठी जो धवला झाला नाही, तो आता बंगलेवाल्यांसाठी होणार, सजावटीला म्हणून रिकामे पाटही मांडणार! दोन-तीन दिवस मी तिच्याशी कामापुरतंच बोलले. तिनेही कारण विचारलं नाही. उलट नवऱ्याला घेऊन चौलला सुपाऱ्या आणायला गेली आणि येताना त्याला नवा पांढरा सदरा घेऊन आली. मला काहीच नाही. त्याचाही मला राग आला.

कार्यक्रमाच्या दिवशी संध्याकाळी चर्च भरलं. कोळीवाडा आला, ख्रिस्ती आळी आली, मांडव्याहून भाऊ-भावजयही आली. फादरांनी पुढची दोन बाकं हलवून जागा मोकळी केली होती. तिथे आमच्याच घरचे दोन पाट, त्यापुढे तांदळाची रास. आय हिरव्या लुगड्यात आली. तिला धाप लागत होती, म्हणून खुर्ची दिली तर ती तिने बाजूला सारली आणि खाली बसली. माइक तोंडासमोर धरला तेव्हा तिने तो आधी हाताने जरा लांब केला. मग शांतपणे विचारलं, "नवरा-नवरी कंय हान?"

लोक हसले. त्यांना वाटलं, नवरा-नवरी कुठे म्हणून विचारणं हे कार्यक्रमातलंच आहे. मीही तसंच समजले.

माझ्या शेजारून नवरा उठला. नवा सदरा नीट केला आणि माझ्यापुढे हात केला. "चल."

"कुठे?"

"पाटावर. आय थांबलीये."

मी खिडकीतून थेट आलेली, अंगावर ऑफिसची साडी, पर्समध्ये अर्धा डबा. मागून भावजयीने ढकललं तेव्हा कळलं, हिलाही ठाऊक होतं. पन्नाशी उलटलेली बाई मी, सगळ्या गावासमोर जाऊन पाटावर बसले. आयने माझ्याकडे पाहिलंही नाही. ती कामात होती. तिने तांदळावर सुपाऱ्या मांडल्या, आमच्या दोघांच्या कपाळाला हळद लावली आणि धवला सुरू केला.

आवाज आता पूर्वीचा राहिला नाही. मध्ये मध्ये तुटत होता. पण तिने सोडला नाही. माझं नाव घेतलं तेव्हा मी खाली तांदळाकडे बघत राहिले, कारण वर बघणं शक्यच नव्हतं. मग जावयाचं घेतलं. मग तिने माझ्या बापाचं नाव घेतलं आणि त्याला मांडवात यायला सांगितलं. त्यामागोमाग नवऱ्याच्या आईला, त्याच चर्चच्या मागे जिची माती आहे तिला, विहीणबाई म्हणून हाक मारली, रुसवा सोडून या म्हणाली. पहिल्या बाकावर फादर हात जोडून बसले होते. त्या दिवशी घंटाही वाजली नाही. घंटेवाला म्हातारा दोरी हातात धरून दारात उभा होता आणि आयचं संपायची वाट बघत होता.

संपल्यावरही टाळ्या वाजल्या नाहीत. वाजवायच्या नाहीत असं सांगितलेलं होतं, आणि आता चालेल असं कुणी सांगितलं नाही. चुलतसासवा पुढे आल्या आणि आमच्यावर मूठ मूठ तांदूळ टाकून गेल्या. त्यांच्या मागून साऱ्या आळीने टाकले, कोळीवाड्याने टाकले, बंगलेवाल्या बाईंनीही टाकले.

घरी आल्यावर आयने आधी पंखा मागितला, मग चहा. मी चहा ठेवायला आत गेले तर तीही मागोमाग आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. माझ्या केसांत अडकलेले तांदूळ एकेक वेचून काढले आणि म्हणाली, "झाला तुजा लगीन. आता कोनाच्या धवल्याला उठून भांडी घासाला जाशील, तं बग."