तारीख नसलेले तांदूळ

परात पुढ्यात घेतली, डब्यातले तांदूळ ओतले आणि माझा हात थांबला. पंच्याऐंशी सालची ती सकाळ आज आठवली, कारण माझ्या मुलीने तूरडाळीचं पाकीट कचऱ्यात टाकलं. "आई, तारीख उलटून आठ दिवस झालेत!"

मैत्रिणींनो, आमच्या बोरिवलीच्या चाळीतल्या त्या डब्यावर तारीखच नव्हती. ह्यांनी मे महिन्यात वर्षाचे तांदूळ स्वतःच्या हातांनी एरंडेल चोळून भरले आणि गणपतीआधी हे गेले. पुढे दीड वर्ष मी रेशनचे तांदूळ शिजवले. तो डबा उघडवत नव्हता.

त्या सकाळी रेशनचे संपले. तापातून उठलेली हीच मुलगी, तेव्हा पाच वर्षांची, पेज मागत होती. ह्यांची बहीण राहायला आली होती. ती ओरडली, "वहिनी, वेड लागलंय का तुला? पोरीला काही झालं म्हणजे? टाक ते!"

मी वास घेतला, दाणा चावून पाहिला. कीड नव्हती, फक्त एरंडेलाचा वास होता. तरी आधी वाटीभर पेज मी प्यायले आणि दुपारपर्यंत थांबले.

"आई, आता देशील का गं?"

दिली. ती पिऊन झोपली. संध्याकाळपर्यंत मी तिच्या पोटावरचा हात काढला नाही. ती उठली आणि म्हणाली, "अजून दे."

तुम्ही काय केलं असतं?

दुसऱ्या दिवशी मी त्याच तांदळांचा भात लावला आणि पहिलं ताट नणंदेला वाढलं.