भरल्या जीपचं माप

लातुरात औसा रस्त्यावरच्या टपरीसमोर कोणी रिकामी जीप उभी केली आणि "चाचा, मागची दोन रबरं टाका, लवकर जायचंय," असं म्हणालं, की हनीफभाईंचं डोकं फिरायचं. "आधी माणसं बसव, मग माप घेतो." गिऱ्हाईक कुरकुरायचं. चाकामागं लोंबणाऱ्या मडफ्लॅपला एवढे सोपस्कार कशाला? पण हा माणूस ऐकेल तर शपथ. भरलेली जीप स्प्रिंगच्या पाट्यांवर दबते आणि रबर खाली येतं, म्हणून माप भरल्या जीपचंच घ्यायचं, हा त्यांच्या वडिलांचा नियम. हनीफभाईंनी तो जन्मात एकदाच मोडला, भूकंपाच्या दुसऱ्या दिवशी.

त्या दुपारी पिराजी जीप घेऊन आला. काळी-पिवळी चालवणारा, त्यांच्याच गल्लीतला, एरवी अखंड बडबड्या. किल्लारीजवळच्या गावात त्याची आई, पंचफुलाबाई, घराच्या दगडांखाली अडकली होती. सकाळी तो तिथूनच जखमी घेऊन आला होता. वाटेत त्याच्या चाकांनी उडवलेल्या खडीनं मागच्या डॉक्टरांच्या गाडीची काच फुटली. आता रबर लावल्याशिवाय मदतीच्या रांगेत गाडी घालायची नाही, असं त्याला पोलिसांनी बजावलं होतं. आणि नुकताच निरोप आला होता की आईला बाहेर काढलंय.

"जिती हाय, हनीफभाई, पर कमरेखाली पार चेचलीय. तिला आणायची हाय. हात उचला."

टपरीत दोन प्रकारचं रबर होतं. एक पातळ, ओढ बसली की फाटणारं. दुसरं साखर कारखान्याच्या जुन्या पट्ट्याचं, काही केल्या न तुटणारं. पिराजीच्या आईला आणायला निघालेल्या जीपला पातळ रबर देणार कसं? त्यांनी जाड काढलं. पावसानं रस्त्याचा राडा झालेला, म्हणून ते लांबही ठेवलं, जमिनीपासून जेमतेम चार बोटं वर. लोखंडी पट्टी लावून बोल्ट आवळले. जीप रिकामी होती. माणसं बसव, हे शब्द जिभेवर आले होते, पण पिराजी आधीच चालकाच्या जागी जाऊन बसला होता, म्हणून त्यांनी ते गिळले.

जीप गेली. कापून खाली पडलेला रबराचा तुकडा त्यांनी उचलला, तर तो बोटभरच होता; भरल्या जीपच्या मापानं तो वीतभर निघायला हवा होता. जखमी भरले की जीप दबणार आणि रबर जमिनीला टेकणार. पुढं जाताना ते नुसतं घासेल. पण मागं घेताना चाक त्यावर चढेल, रबर काही तुटणार नाही, ते मडगार्डलाच ओढून टायरवर आणेल. आणि पडक्या घरांच्या गल्लीतून निघायचं तर जीप मागंच घ्यावी लागणार.

सुरी कमरेला खोचून ते धान्याच्या ट्रकवर चढले. औशाच्या पुढं रांग हलेना. शेवटचे दोन कोस ते चिखलातून धावले.

गल्लीच्या तोंडाशी पोचले तेव्हा जीप मागं येत होती.

"थांब! पिराजी, मागं नको घेऊ!"

त्या रडारडीत कोणाला काय ऐकू जाणार? चाक रबरावर चढलं, पत्रा करकरत टायरमध्ये घुसला आणि जीप जागीच अडकली.

हनीफभाई चिखलात आडवे झाले. पाना टपरीतच राहिला होता. ते सुरी चालवत होते आणि पट्टा कापला जात नव्हता. स्वतःच्या निवडीला त्यांनी नाही नाही त्या शिव्या घातल्या. बोटांतून रक्त येऊ लागलं. वर, जीपच्या मागच्या फळीवर, पंचफुलाबाईंचं डोकं होतं. त्यांनी मान वळवून खाली पाहिलं.

"दमानं कर, लेकरा," त्या म्हणाल्या. "हात कापून घेशील."

अर्धा तास गेला, कदाचित जास्तच. मग एकदाचा पट्टा तुटला आणि जीप निघाली. औसा यायच्या आधीच पंचफुलाबाई गेल्या.

डॉक्टर म्हणाले, त्या तशाही वाचल्या नसत्या. हनीफभाईंना ते कधी पटलं नाही. पिराजीनं कानाखाली वाजवली असती तर बरं झालं असतं. तो फक्त टपरीवर यायचा बंद झाला.

दहा वर्षं गेली. लातुरात शिकवण्यांचं पेव फुटलं आणि खेड्यापाड्यांतून पोरांनी भरलेल्या जीपा पहाटेपासून शहरात येऊ लागल्या. हनीफभाईंना मान वर करायला फुरसत नव्हती. एका सकाळी टपरीसमोर नवी जीप थांबली. आत किल्लारीकडची बारा मुलंमुली दाटीवाटीनं, मांडीवर दप्तरं घेऊन बसलेली. चालकाच्या जागी पिराजी होता. हनीफभाई टेप घेऊन उठले आणि दोन पावलांवर थबकले.

पिराजी इंजिन बंद करून खाली उतरला.

"एकालाबी उतरू दिलं न्हाई, हनीफभाई," तो म्हणाला. "घ्या माप."

हनीफभाई चाकामागं बसले. बराच वेळ त्यांना टेपवरचे आकडे दिसेनात.