जमादारासाठी आलेला अर्ज

प्रिय अनय आणि ईरा,

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, परभणीतल्या लोकांना पोलीस आवडतात की त्यांची भीती वाटते?" ईराला शाळेत काहीतरी लिहायचं होतं. मी म्हटलं, दोन्ही. त्यावर अनय म्हणाला, "आजी, एकच सांग." एकच सांगता येत नाही, म्हणून हे लिहिते आहे. मराठीत लिहिते आहे. अडेल तिथे आईला विचारा.

तुम्हाला माहीत आहे की मी पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयात होते. मी पोलीस नव्हते. गणवेश नाही, काठी नाही. माझं टेबल आस्थापना शाखेत होतं. आस्थापना म्हणजे कोण कुठे नेमला, कुणाची बदली, कुणाला बढती, कुणाला शिक्षा, याचे कागद सांभाळणारी शाखा. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं, तेव्हाची ही गोष्ट.

एप्रिलमध्ये, बदल्यांच्या दिवसांत, एका दुपारी चार माणसं माझ्या टेबलापुढे येऊन उभी राहिली. जुन्या बाजाराच्या मागे एक वस्ती आहे, तिथली. पुढे होत्या शांताबाई, पिठाच्या गिरणीवाल्या. त्यांनी एक अर्ज माझ्यापुढे ठेवला. त्यांच्या भागातले बीट हवालदार मुंजाजी गरुड यांची बदली करू नये, असा विषय होता. बीट म्हणजे एका हवालदाराकडे दिलेल्या ठरावीक गल्ल्या. आपल्याकडे हवालदाराला जुनी माणसं अजून जमादार म्हणतात. अर्जाच्या मागे पाच पानं भरून सह्या आणि अंगठे होते.

मी अर्ज वाचला. सुंदर लिहिलेला होता. विषय, संदर्भ, मुद्दे, सगळं जागच्या जागी. पण सोबत एका नगरसेवकाचं पत्र टाचलेलं होतं. "सदर कर्मचाऱ्याची बदली करण्यात येऊ नये," असं त्यात लिहिलं होतं आणि खाली भला मोठा शिक्का.

"हे कशाला जोडलं?" मी विचारलं.

"लेटरपॅड लावल्याबिगर कागद हालतो का मॅडम?" शांताबाई म्हणाल्या. "आमाला काय येवढंबी कळत न्हाई व्हय?"

मी अर्ज घेतला, आवक नोंदवहीत नोंदवला, पोच दिली. आवक म्हणजे कार्यालयात आलेला प्रत्येक कागद ज्या वहीत नंबर घालून लिहितात ती नोंद. माणसं खूश होऊन गेली.

आता माझी चूक सांगते. सरकारी नोकरानं आपल्या बदलीसाठी बाहेरून, विशेषतः राजकीय, वजन आणू नये असा नियम आहे. असं पत्र आलं की आमच्याकडे त्यावर ठरलेली टिपणी लिहिली जायची: "संबंधितांकडून खुलासा मागवावा." टिपणी म्हणजे साहेबांनी काय करावं हे सुचवणारा शेरा. मी ती शेकडो वेळा लिहिली होती. त्या दिवशीही लिहिली. अर्ज त्या माणसानं आणला नव्हता, लोकांनी आणला होता, हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी हात चालला तसा चालू दिला. साहेबांनी सही केली. मुंजाजी गरुडांना नोटीस गेली.

तिसऱ्या दिवशी ते स्वतः आले. काळेसावळे, उंच, कानाजवळ केस पिकलेले. हातात नोटीस.

"मॅडम, हे काय हो?"

"बसा."

"बसत न्हाई. मला एक सांगा. मी कुणाच्या दारात गेलो? कवा गेलो?"

"तुम्ही गेला नसाल. पण पत्र आलं आहे."

"त्या गिरणीवाल्या बाईला आता मी बघतोच." मग म्हणाले, "लय प्रेम उतू चाललंय लोकांचं. माज्या मुळावर आलंय."

त्यांची सर्व्हिस शीट मी काढून पाहिली होती. सर्व्हिस शीट म्हणजे पोलिसाचं प्रगतिपुस्तक; शाबासकी आणि शिक्षा दोन्ही त्यात चढतात. बत्तीस वर्षांत एकही शिक्षा नव्हती. त्याच महिन्यात सहायक फौजदाराच्या बढतीच्या यादीत त्यांचं नाव होतं. हवालदाराच्या बाहीवर फिती असतात; सहायक फौजदार झाला की खांद्यावर एक स्टार लागतो. त्यांना निवृत्तीला दोन वर्षं होती. चौकशीत दोष आला तर नाव यादीतून जाणार, आणि पुन्हा यादी निघेपर्यंत ते घरी बसलेले असणार.

"खुलासा काय लिहू?" त्यांनी विचारलं.

"खरं ते लिहा. थोडक्यात."

त्यांनी माझ्यासमोर उभ्यानंच चार ओळी लिहिल्या: "मी कुणालाही सांगितलं नाही. बदली कुठेही करावी. मी जाईन." खाली सही.

चौकशी आमच्या डीवायएसपी, म्हणजे उपअधीक्षक साहेबांकडे गेली. वयानं तरुण, परीक्षा देऊन नवीन आलेले, हुशार आणि थोडे संशयी. त्यांचा रीडर, म्हणजे साहेबांचे कागद आणि जबाब सांभाळणारा कर्मचारी, रजेवर होता. मला मराठी टायपिंग येत होतं. साहेबांनी मला बोलावून घेतलं.

"मॅडम, अर्ज बघितला तुम्ही? इतका नीट अर्ज वस्तीतली माणसं लिहितात का? हे पोलीस ठाण्यात बसून लिहून घेतलंय. ड्राफ्टिंग बघा."

"साहेब, माणसांना विचारून बघू या," मी म्हटलं. एवढंच. आपण लिहिलेली टिपणी मागे घेता येत नाही, पण कॉम्प्युटरसमोर बसून ऐकता येतं.

पहिल्या आल्या रझियाबी. हातगाडीवर बांगड्या विकतात.

"अंगठा तुमचाच का?" साहेबांनी विचारलं.

"मेराच है साब. दुसऱ्याचा कशाला लावू?"

"हवालदारानं सांगितलं म्हणून लावला?"

"उनो? उनो तो बोलताच नहीं सीधे मुँह."

"पण माणूस चांगला आहे, असं अर्जात लिहिलंय."

"चांगला?" रझियाबी खुर्चीत पुढे सरकल्या. "ईदच्या आदल्या दिवशी, साब, ऐन धंद्यात, माझा गाडा हलवायला लावला. रस्त्यात है बोलके. मी लय शिव्या घातल्या. लिव्हा ते."

"मग त्यालाच ठेवा म्हणून अर्ज का?"

"हलवायला लावला, पण एक चाक त्यानं धरलं ना. वर्दीवर. काचेच्या बांगड्या होत्या, एक नहीं फुटी. आधीचा होता तो लाथ मारायचा गाड्याला. नवीन कोण येणार, आमाला काय माहीत?"

मी टाइप करत होते. साहेब माझ्याकडे बघत होते.

दुसऱ्या शांताबाई. त्या आल्या त्याच तयारीनं.

"साहेब, मला तो माणूस अजिबात आवडत न्हाई, ते आधीच सांगते. गिरणीपुढं गाड्या लागल्या की माज्यावरच वरडतो."

"मग अर्ज घेऊन तुम्हीच कशा आलात?"

शांताबाईंनी खुर्ची टेबलाजवळ ओढली. मग म्हणाल्या, "मालक पिऊन घरात धिंगाणा करायचे. मी ठाण्यात गेले. म्हणलं, धरून न्या. जमादारानं नेलं न्हाई. एक हप्ता रोज संध्याकाळी सहाला येऊन आमच्या ओट्यावर बसायचा. मालकाला काई बोलायचा न्हाई. पेपर वाचायचा, च्या प्यायचा, आठ वाजता जायचा."

"आणि दारू सुटली?"

"सुटती कशाची. पण घरात येऊन पिणं बंद झालं, अन् हात उचलणं बंद झालं. आता मालकच म्हणतेत, जमादार गेला का बगा, मी लागलो पुन्हा. लिहिलं का मॅडम?"

"लिहिलं," मी म्हटलं.

मग साहेबांनी मुख्य प्रश्न विचारला. नगरसेवकाचं पत्र कुणी आणलं? सगळी नोटीस त्याच पत्रावर उभी होती.

"मीच."

"तुमची ओळख आहे?"

"वळख कशाची. त्यांचं दळण माज्याकडं येतं. गव्हाचा डबा आला हुता. दळला अन् ठिवून घेतला. त्यांचा माणूस आला न्यायला. म्हणलं, आधी पत्र आणा, मग पीठ न्या. संध्याकाळी स्वयंपाक हुता त्यांच्याकडं. अर्ध्या तासात पत्र आलं."

साहेब माझ्याकडे वळले.

"मॅडम, हे असंच लिहायचं?"

"जबाब सांगितला तसाच लिहितात, साहेब."

लिहिला. आमच्या कार्यालयात राजकीय दबावाची व्याख्या काय आहे मला पाठ होती. पिठाच्या डब्याची तरतूद तिच्यात नव्हती.

"अर्ज लिहिला कुणी?" साहेबांनी शेवटी विचारलं. "ही भाषा तुमची नाही."

"न्हाई. जोशीकाकांनी लिहिला. पोस्टात हुते ते."

जोशीकाकांना दुसऱ्या दिवशी बोलावलं. निवृत्त पोस्टमास्तर, इस्त्रीचा सदरा, काखेत फाइल. बसायच्या आधीच म्हणाले, "माझा हवालदार गरुड यांच्यावर रोष आहे, हे नमूद करून घ्यावं."

साहेबांनी कपाळावर हात ठेवला. "तुमचाही?"

"त्यांची भाषा उर्मट आहे. मी त्यांच्याविरुद्ध दोनदा लेखी तक्रार केली आहे. इथेच. पोच आहे माझ्याकडे."

मी टायपिंग थांबवलं. पोचेवरचा आवक क्रमांक पाहिला आणि साहेबांची परवानगी घेऊन रेकॉर्डला गेले. दोन्ही तक्रारी सापडायला दहा मिनिटं लागली. एरवी अर्धा दिवस लागला असता, पण त्या कपाटाची मांडणी माझी होती. एक तक्रार लाउडस्पीकरबद्दल, दुसरी बोलण्याच्या पद्धतीबद्दल. मी ते दोन कागद आणि वस्तीचा अर्ज साहेबांपुढे शेजारी शेजारी ठेवले. अक्षर एकच. तीच वेलांटी, तीच समासाची रेघ, तोच "सविनय सादर".

साहेबांनी तिन्ही कागद दोनदा पाहिले. "म्हणजे जो माणूस हवालदाराविरुद्ध तक्रारी करतो, त्याच्याकडून हवालदारानं स्वतःची शिफारस लिहून घेतली, असं मी म्हणायचं का?"

"तसं कुणालाच म्हणता येणार नाही, साहेब," मी म्हटलं.

"पण काका, मग तुम्ही शिफारस का लिहिली?" साहेबांनी विचारलं.

जोशीकाकांनी चष्मा काढला. "दुसऱ्या तक्रारीनंतर ते माझ्या घरी आले. तक्रारीची प्रत हातात. म्हणाले, काका, तिसऱ्या ओळीत तुमी म्हणता ते बरोबर हाय, बाकीचं न्हाई. तिसऱ्या ओळीपुरतं मी सुधारतो. साहेब, मी उभी हयात पोस्टात काढली. आपल्यावरची तक्रार शेवटपर्यंत वाचणारा माणूस मी तेवढाच पाहिला."

"तिसऱ्या ओळीत काय होतं?"

"वयस्कर माणसाला अरे-तुरे करू नये, असं."

"मग आता करत नाहीत?"

"आता अहो म्हणतात. ओरडतात तितकंच, पण अहो म्हणून."

बाकीच्या माणसांचे जबाबही असेच निघाले. अकरा जणांनी जबाब दिले आणि प्रत्येकानं आधी तक्रार सांगितली. कुणाच्या मुलाची मोटारसायकल लायसनसाठी अडवली होती, कुणाला चारचौघांत झापलं होतं. आणि प्रत्येकानं शेवटी एकच म्हटलं, की हा जाऊ नये. "ही शिफारस आहे की तक्रार?" असं साहेब मला दोनदा म्हणाले. अहवालात त्यांनी लिहिलं की अर्जदारांचे जबाब पाहता सदर अर्ज हवालदारानं घडवून आणला असणं संभवत नाही, आणि प्रकरण नस्तीबद्ध करावं. नस्तीबद्ध म्हणजे फाइल बंद, कुणावर काही नाही. म्हणजे गरुडांना वाचवलं ते वस्तीच्या कौतुकानं नाही, कुरकुरीनं.

बदली मात्र झाली. एका ठाण्यातली त्यांची मुदत संपली होती, आणि ती वाढवायला नियमात काही आधार नव्हता. मी तो शोधलाही नाही. त्यांना पाथरीला पाठवलं. बढतीची यादी पुढच्या आठवड्यात लागली आणि स्टार त्यांनी पाथरीला जायच्या आधीच खांद्यावर चढवला. मला दाखवायला आले होते. तेव्हा मी त्यांना टिपणी कुणी लिहिली ते सांगितलं. माफी मागायची म्हणूनच सांगितलं.

"माहीत हाय," ते म्हणाले. "खाली तुमचं इनिशियल हुतं. तुमचं काम तुमी केलं." मग जाता जाता वळून म्हणाले, "पण मॅडम, माणसं डोळ्यांनी बघितल्यावर एक ओळ जास्त लिहायची."

तेव्हापासून मी टिपणीत ती एक ओळ लिहू लागले: "अर्ज समक्ष कोणी आणून दिला." माझ्या जागी आलेल्या मुलीलाही तेच शिकवलं. एवढा धडा मी त्या प्रकरणातून घेतला. वस्तीनं कोणता घेतला म्हणाल, तर दोन महिन्यांत शांताबाई पुन्हा टेबलापुढे उभ्या होत्या. नवा जमादार वाईट नव्हता, पण नुसताच गोड बोलायचा, अशी तक्रार होती. लेटरपॅड आणलेलं नव्हतं.

मुंजाजी गरुड आता निवृत्त आहेत आणि झरीला शेती बघतात. त्या वस्तीत भांडण झालं की लोक अजूनही पहिला फोन त्यांनाच लावतात. ते दोन्ही बाजूंना झापतात, आणि मग ठाण्यात जायला सांगतात.

तुमची आजी